दारात उभी असलेली गाडी

रथसप्तमीला मंगळूरच्या व्यंकटरमण देवस्थानाचा रथ निघतो. तो सोहळा ज्या वाचकांनी पाहिला असेल, त्यांना त्या रस्त्याचे नाव ठाऊक असेलच. कानडीत त्याला रथबीदी म्हणतात, आणि इंग्रजीत त्याचे नाव 'कार स्ट्रीट' असे आहे. नवख्या माणसाचा समज होतो की, हा मोटारींचा रस्ता असावा. वस्तुतः इंग्रजीतला 'कार' हा शब्द मोटारीहून फार जुना आहे. लॅटिन भाषेत चाकांच्या गाड्यासाठी जो शब्द होता, त्यापासून तो आला, आणि दक्षिणेतील मंदिरांचे रथ पाहून साहेबाने त्यांनाही तोच शब्द लावला. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे पेटंट कार्ल बेंझने १८८६ साली घेतले, आणि पुढे हा शब्द मोटारीकडे गेला. म्हणजे शब्दापुरते बोलायचे तर देवाची 'कार' आधीची आणि माणसाची मागाहूनची. गेल्या दोन वर्षांत ह्या दोन गाड्यांविषयी आम्हांस एकत्र विचार करावा लागला. तसे घडण्याचे कारण मंगळुरात घडले नाही; ते घडले तिगावात.

तिगाव हे नाव आमच्या किनाऱ्याकडील बहुतेक वाचकांनी ऐकलेले नसेल. नागपूरहून इटारसीकडे निघालेली आगगाडी काटोल, नरखेड, पांढुर्णा ही स्टेशने मागे टाकून मुलताईच्या घाटाकडे चढू लागते, त्या वाटेवरचे हे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ तिकडे गेला आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. परंतु घराघरांतील बोली मराठीच राहिली. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ साली छिंदवाड्यापासून निराळा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, कापूस, काळी जमीन, पोळ्याचा थाट, असा हा प्रदेश. आमचे ज्येष्ठ बंधू रेल्वेच्या नोकरीनिमित्त तिकडे गेले, आणि निवृत्त झाल्यावर तिगावातच चार एकर बाग घेऊन राहिले. कुलदैवत गोव्यात, घर मध्य प्रदेशात आणि मुलगा परदेशात, असा आजच्या कित्येक घरांसारखाच त्यांच्या संसाराचा विस्तार झाला होता.

त्यांनी २०१२ साली एक साधी, चार दारांची, पेट्रोलवर चालणारी मोटार घेतली. तिच्यावर त्यांचा जीव होता. आठवड्यातून दोनदा पांढुर्ण्याचा बाजार, महिन्यातून एकदा जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन, आणि गावात कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर वेळ-अवेळ न पाहता धाव, हा तिचा क्रम. २०२२ च्या मार्गशीर्षात बंधू गेले. गाडी गोठ्याच्या पडवीत उभी राहिली. वहिनींना चालविता येत नाही. पुतण्याचे येणे दीड-दोन वर्षांतून एकदा. आणि आम्ही तिगावात वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस असतो. विकण्याची गोष्ट पुतण्याने एकदा दूरध्वनीवर काढली, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "ती दारात आहे तोवर घरात माणूस आहे असं वाटतं." त्यापुढे कोणी काही बोलले नाही.

बागेची राखण करणारा जो गडी आहे, त्याने ती गाडी आपण होऊन अंगावर घेतली. रोज सकाळी फडक्याने पुसणे, दर रविवारी किल्ली फिरवून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवणे, पाऊस लागला की वरून मेणकापड घट्ट बांधणे, आणि गाडी उतारावर असल्याने हातब्रेक अगदी शेवटपर्यंत ओढून ठेवणे, हे सर्व तो न चुकता करी. दसऱ्याला झेंडूची माळ, बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक आणि चाकाखाली लिंबू. आम्ही गेलो की तो अभिमानाने दाखवी: "पाहा ना भाऊ, आरशावानी चमकते का नाही!" खरोखरच चमकत असे. आम्हीही समाधानाने मान डोलावीत असू, आणि परत निघताना त्याच्या हातावर काही ठेवीत असू.

२०२४ च्या श्रावणातली एक रात्र. पाऊस मुसळधार. तीन घरे पलीकडे बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीला अकाली कळा सुरू झाल्या आणि रक्त जाऊ लागले. घरच्यांनी रुग्णवाहिकेला दूरध्वनी केला नाही. तिचा १०८ हा क्रमांक त्यांना ठाऊक नव्हता असे नव्हे. पण 'बाईंच्या दारात गाडी आहे' हे त्यांच्या मनात इतके पक्के होते की, ते आधी तिकडेच धावले. गाडी चालविणारा मुलगाही त्यांच्या घरात होता. वहिनींनी तत्काळ किल्ली दिली. किल्ली फिरवली तर नुसता 'टक्' असा आवाज. पुन्हा फिरवली, तेवढाही आवाज नाही. चारजणांनी लोटून पाहिली, तर मागली चाके जागची हलेनात. ह्या खटपटीत पाऊण तास गेला. मग रुग्णवाहिकेला कळविले. ती दुसऱ्या गावी गेलेली होती. शेवटी दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्याला उठवून, मागच्या फळीवर गोधड्या घालून त्या मुलीला पांढुर्ण्याला नेले. दैवयोगाने आई आणि मूल दोन्ही वाचली. पण डॉक्टरांनी घरच्यांना विचारलेला पहिला प्रश्न असा होता की, इतका उशीर का केला?

आठ दिवसांनी आम्ही तिगावात पोहोचलो. त्या घरच्या कोणीही आम्हांस दोष दिला नाही. उलट, "तुमची गाडी बिघडली, त्याचं काय करणार भाऊ" असे म्हणून त्यांनी चहा पाजला. तो चहा आम्हांस जड गेला. बिघडली, हा शब्द ऐकून आमच्या मनात आले, आपोआप बिघडली असे आपण म्हणू शकतो काय?

पांढुर्ण्याहून एक वयस्कर मिस्त्री आणला. त्याने जे एकेक दाखविले ते येथे थोडे विस्ताराने देतो. कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या गावच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल, आणि त्या माहितीचा उपयोग आमच्या विवेचनापेक्षाही अधिक होईल.

बॅटरी मेली होती. गाडी नुसती उभी असली तरी तिच्यातील घड्याळ, चोरघंटा, इंजिनाचा छोटा संगणक हे थोडी थोडी वीज पीतच असतात. शिवाय बॅटरी स्वतःशीच झिजते. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली उतरली की ती जवळजवळ रिकामी झाली. तशीच रिकामी राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर साका कठीण होऊन बसतो, आणि मग ती कितीही भरली तरी भरत नाही. 'पण दर रविवारी चालू करत होतो ना' असे गडी कळवळून म्हणाला. मिस्त्रीने सांगितले की, खरी मेख तेथेच आहे. इंजिन सुरू करताना बॅटरीतून एका हिसक्यात जेवढी वीज जाते, ती पाच मिनिटे जागच्या जागी घुरघुरण्याने भरून येत नाही. म्हणजे प्रत्येक रविवारी आपण तिच्यातून काढीत होतो आणि घालीत काहीच नव्हतो. एवढ्यावर भागले नाही. पेट्रोल जळते तेव्हा त्यातून पाण्याची वाफ निघते. इंजिन चांगले तापले तर ती बाहेर पडते. पाच मिनिटांत बंद केले तर तेच पाणी आत थिजून तेलात मिसळते आणि धुराच्या नळीत साचते. मिस्त्रीने तेलाचे झाकण उघडून आतल्या बाजूस जमलेली ताकासारखी पांढुरकी साय बोटावर घेऊन दाखविली. धुराची नळी आतून गंजली होती. गाडी सुरू करायची तर पंधरा-वीस मैल खरोखर चालवावी, नाही तर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून तिला मुळीच हात लावू नये. मधला मार्ग सर्वांत वाईट, असे त्याचे मत पडले.

हातब्रेक ओढून महिनोन्महिने उभी ठेवल्याने ब्रेकचे जोडे आतल्या ढोलाला गंजाने चिकटले होते. अशा वेळी हातब्रेक सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकांना लाकडी गुटके लावावेत. टायर एकाच जागी दबून खालून चपटे झाले होते. टाकीतले पेट्रोल शिळे झाले होते: त्यातला हलका अंश उडून जातो, उरलेल्याला चिकटा सुटतो, आणि अलीकडे पेट्रोलात जे इथेनॉल मिसळतात, (देशाने वीस टक्क्यांची मजल २०२५ मध्ये गाठली), ते हवेतली ओल ओढून घेते. मेणकापडाने पाऊस अडला, पण आतली वाफही अडली. दारांच्या खालच्या कडा आतून सडू लागल्या होत्या. सुती, हवा खेळेल असे आच्छादन हवे होते. उंदरांनी हवेच्या गाळणीत कापसाचे घरटे केले होते आणि दोन तारा कुरतडल्या होत्या. लिंबू मात्र शाबूत होते.

२०२० सालच्या २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, तेव्हा हाच पाठ देशभर लाखो घरांनी एकदम घेतला. मुंबई-पुण्याच्या इमारतींखाली धुळीने माखलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या, आणि मोकळीक मिळाल्यावर बॅटरी विकणाऱ्यांकडे गर्दी उसळली. तेव्हा निदान सर्वांना एक सबब होती. आम्हांस ती नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण जी वस्तू वापरीत नाही, तिच्याविषयी आपले काही कर्तव्य असते काय? आणि असेल तर ते कोणाविषयी, वस्तूविषयी की माणसांविषयी?

पहिले उत्तर सोपे वाटते: निर्जीव वस्तूचे आपण काही देणे लागत नाही. लोखंडाला यातना नाहीत. मालकाने आपली गाडी सडू दिली तर नुकसान त्याचेच. परंतु त्या श्रावणातल्या रात्रीने हे उत्तर आमच्यापुरते खोटे ठरविले. ती गाडी तिथे नसती, तर त्या घरच्यांनी कळा सुरू होताच १०८ ला कळविले असते, किंवा टेम्पोवाल्याला पाऊण तास आधी उठविले असते. गाडी नसण्याने काही बिघडले नसते. ती असल्यासारखी दिसत होती, म्हणून बिघडले. पूर्वी बंधूंच्या हयातीत तिने दहा वेळा धाव घेतली होती, त्यामुळे तिचे उभे राहणे हेच गावाला एक आश्वासन होते. रोज पुसून तिला चमकविल्याने ते आश्वासन आम्ही रोज नव्याने देत होतो. आम्ही खोटे बोललो नव्हतो, पण आमच्या दारातली वस्तू आमच्या वतीने दोन वर्षे खोटे बोलत होती, आणि तिला तसे बोलू देणारे आम्हीच होतो.

कोणी म्हणेल, शेवट गोड झाला, आता कशाला जिवाला लावून घेता? आमच्या मते शेवट गोड होण्याने फक्त आमची शिक्षा टळली. दोष जेथल्या तेथे आहे. पाऊस थोडा अधिक असता, ओढा भरला असता, टेम्पोवाला त्या रात्री लग्नाला गेला असता, तर? आमच्या वागण्यात तसूभरही फरक न पडता आम्ही एका जिवाचे, कदाचित दोन जिवांचे अपराधी ठरलो असतो. कर्म तेच आणि फळ निराळे, तर माणसाने आपले माप कर्मावरून घ्यावे की फळावरून? फळावर आपला अधिकार नाही, हे गीतेचे वचन आपण सहसा अपयशाच्या वेळी धीर द्यायला वापरतो. ते यशाच्या आणि सुटकेच्या वेळीही तितकेच लागू आहे, हे आम्हांस ह्या वयात कळले.

मग गाडी विकून टाकावी, हे दुसरे उत्तर. अपरिग्रहाची शिकवण आपल्या सर्व संतांनी दिली आहे: जे लागत नाही ते ठेवू नये. तिगावाहून पुढे नागपूर आणि नागपूरहून वर्धा. १९३६ साली गांधीजी तेथल्या शेगावात राहावयास गेले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. आपल्या आत्मकथेत त्यांनी असे सांगितले आहे की, अपरिग्रहाचा गीतेतला अर्थ त्यांना इंग्रजी कायद्याच्या अभ्यासामुळे, विश्वस्त ह्या कल्पनेतून उमगला. विश्वस्ताच्या हाती कोट्यवधींची मालमत्ता असली तरी त्यातली एक पैही त्याची नसते. हा विचार बारकाईने पाहिला तर 'टाकून द्या' असे तो म्हणत नाही. 'ठेवायचे तर दुसऱ्याचे म्हणून ठेवा' असे म्हणतो. ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग एका दमात सांगितले आहेत, त्याचाही रोख आम्हांस असाच वाटतो. टाकणे सोपे आहे. टाकले की जबाबदारी संपते, आणि कित्येकदा जबाबदारी संपविण्याची ओढच त्यागाचे रूप घेऊन येते. पुतण्याच्या 'विकून टाका'मध्ये आणि आमच्या मनातल्या त्याच विचारामध्ये वैराग्य किती आणि कंटाळा किती, हे प्रामाणिकपणे सांगणे कठीण आहे.

शिवाय वहिनींचे ते वाक्य होते. भावना म्हणून ते बाजूला सारावे असे आम्हांस वाटले नाही. मृताची वस्तू जपणे हा त्याच्या स्मृतीला दिलेला मान आहे. पण आम्ही जपले काय? तर तिचे रूप. बंधूंची गाडी म्हणजे मध्यरात्री कोणासाठीही सुरू होणारी गाडी. तिचा रंग शिल्लक राहिला आणि हा गुण गेला. बंधूंची आठवण ज्यात होती तेच आम्ही मरू दिले, आणि वरून माळ घातली. देवस्थानांच्या कारभारात ज्या वाचकांनी लक्ष घातले असेल, त्यांना हे चित्र अपरिचित नसावे: मखराची चांदी उजळ आणि आतल्या लाकडाला भुंगा.

तिसरी एक गोष्ट तेथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सुचविली. त्याच्या अंगणात जुनी बंडी उभी होती. तो म्हणाला, उन्हाळ्यात बंडी उभी राहिली की चाकाचे लाकूड सुकते, आखडते, आणि वरची लोखंडी धाव सैल होते. तशीच जुंपली तर धाव निसटते. म्हणून चाक पाण्यात घालून फुगवून घ्यायचे, मग आसाला वंगण द्यायचे. "गाडी राबून झिजते कमी, बसून झिजते जास्त." बैलाचे तर विचारूच नका. काम नसले म्हणून वैरण थांबत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतात ते त्याच्या कष्टाची जाण म्हणून. पण पोळा वर्षातून एकदा आणि वैरण रोज. यंत्राची भूक दिसत नाही, ते हंबरत नाही, एवढाच काय तो फरक. आमच्या गड्याने पोळा रोज केला आणि वैरण घालायचे राहिले. त्यात त्याचा दोष नाही. वैरण म्हणजे काय हे त्याला आम्ही कधी सांगितले नव्हते. आम्हांसच ठाऊक नव्हते. मालकी आमची आणि राखण त्याची, अशी वाटणी आम्ही बिनबोभाट करून टाकली होती, आणि त्याच्या श्रद्धेने केलेल्या चुकांचे श्रेय-अपश्रेय त्याच्याच पदरी जाईल अशी सोयही.

येथेच आम्हांस रथाची आठवण झाली. वर्षातले तीनशे साठ दिवस उभी राहणारी गाडी पाहायची असेल तर आपल्या देवळांत पाहावी. मंगेशीचा रथ, कवळ्याच्या शांतादुर्गेचा रथ, गोकर्णाचा महाशिवरात्रीचा महारथ, मंगळूरचे कोडियाल तेरु. वर्षभर अंधारात उभे राहणारे हे प्रचंड लाकूड त्या एका दिवशी हजारो माणसांच्या गर्दीतून ओढले जाते. त्या दिवशी आस तुटला तर माणसे मरतील. तरी तो तुटत नाही, ह्याचे श्रेय देवाला द्यावेच. पण थोडे सुतारांनाही द्यावे, जे उत्सवाच्या कितीतरी आधीपासून चाक ठोकून त्याचा आवाज ऐकतात, खिळा न् खिळा पाहतात, आसाला वंगण देतात, दोर ताणून बघतात. जळगावच्या श्रीरामाच्या रथापुढे कार्तिकी एकादशीला चाकाखाली लाकडी मोगरी लावणारे जे जाणते लोक चालतात, त्यांची नजर क्षणभरही वर मूर्तीकडे जात नाही. ती चाकावर असते. रथाचा ब्रेक म्हणजे ती मोगरी. तीही कोणी वर्षभर जपून ठेविलेली असते.

जगन्नाथपुरीने ह्या प्रश्नाचे निराळेच उत्तर दिले आहे. तेथे तिन्ही रथ दरवर्षी नवे बांधतात. अक्षय्य तृतीयेला कामास आरंभ होतो, सोळा, चौदा आणि बारा चाकांचे तीन रथ उभे राहतात, आणि यात्रा संपली की ते मोडतात. म्हणजे पुरीत ठेवण्याचा प्रश्नच नाही. ठेवायचेच नाही, दरवर्षी पुन्हा घडवायचे. ह्यात अपरिग्रह आहे आणि त्याची किंमतही आहे. त्यासाठी दरवर्षी शेकडो हात आणि रानातले लाकूड लागते. आमच्या किनाऱ्याने दुसरा मार्ग घेतला: एकदा घडवा आणि पिढ्यान्पिढ्या राखा. आम्हांस दोन्ही मार्ग वंदनीय वाटतात. पण न मोडता आणि न राखता नुसते उभे ठेवणे, हा मार्ग कोणत्याही देवळात नाही. तो आमच्यासारख्यांच्या घरांत आहे.

रथ आणि आमची गाडी ह्यांत फरक कोणता, ह्याचा विचार करता करता ध्यानात आले की, रथाला तिथी आहे. माघ शुद्ध सप्तमी येणार म्हणजे येणार. त्यामुळे सहाव्या महिन्यात कोणाला तरी रथाची आठवण होतेच. २०२० च्या आषाढात महामारीमुळे पुरीच्या रथयात्रेवर सर्वोच्च न्यायालयाने आधी बंदी घातली आणि नंतर, गर्दी न होऊ देण्याच्या अटीवर, ती होऊ दिली. तेव्हाही रथ तयार होते, कारण तिथी ठरलेली होती. आमच्या गाडीची गरज लागेल ती रात्र मात्र कोणत्याच पंचांगात नव्हती. ज्याची वेळ ठाऊक नाही त्यासाठी तर अधिक सिद्ध असावयास हवे. प्रत्यक्षात आपण त्याच्यासाठी सर्वांत कमी सिद्ध असतो.

म्हणून आम्ही गाडीला तिथी दिली. दर एकादशीला, म्हणजे पंधरवड्यातून एकदा, ती निघते. त्या प्रसूत झालेल्या मुलीचा भाऊ ती चालवितो, वहिनी पुढे बसतात, गडी मागे बसतो. कधी पांढुर्ण्याचा बाजार, कधी घाटाच्या पायथ्यापर्यंत, कधी जामसावळी. महिन्याच्या आरंभी टायरांतली हवा पाहायची, टाकी भरून ठेवायची पण शिळी होऊ द्यायची नाही, वर्षातून एकदा तेल बदलायचे मग गाडी कितीही कमी चालो. ह्याची वही घातली आहे आणि ती गड्याच्या हाती आहे. त्याचे वेतनही ह्या कामाचे म्हणून निराळे ठरविले. पूर्वी जे हातावर ठेवीत होतो ते बक्षीस होते, आणि बक्षिसाला जाब विचारता येत नाही, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

हे लिहिताना सर्व काही सुरळीत झाले असा आव आणण्याची आमची इच्छा नाही. पहिल्यांदा कागद काढले तेव्हा दिसले की, गाडी अजून बंधूंच्याच नावे आहे. मालक वारल्यावर वारसाने ती आपल्या नावे करून घ्यावयाची असते, आणि नियमाने त्यासाठी जी सवड मिळते ती महिन्यांची आहे, वर्षांची नव्हे. विमा संपलेला होता. बिनविम्याची गाडी रस्त्यावर आणणे हा १९८८ च्या मोटारवाहन कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे त्या श्रावणातल्या रात्री ती सुरू झाली असती, तर बेकायदा सुरू झाली असती. त्या स्थितीत आम्ही ती द्यावयास हवी होती काय? आमचे उत्तर 'होय' आहे; पण असा पेच दुसऱ्याच्या संकटाच्या वेळी उभा राहू देणे हाही त्याच निष्काळजीपणाचा भाग आहे. मग किल्लीचा वाद निघाला. एका घराला दिली, दुसऱ्याला का नाही? एकाने लग्नाच्या वऱ्हाडासाठी मागितली. वहिनींनी नाही म्हटले आणि चार दिवस बोलणे बंद झाले. संकटासाठी देऊ, सोयीसाठी नाही, ही रेघ कागदावर सरळ असते. गावात ती दर वेळी नव्याने ओढावी लागते.

आणखी एक आक्षेप आमच्या एका स्नेह्याने घेतला, आणि त्याला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. केवळ गाडी जिवंत राहावी म्हणून दर एकादशीला पेट्रोल जाळणे हा अपव्यय नव्हे काय? आम्ही म्हणालो, नंदादीपातले तेलही उजेडासाठीच जळते असे नाही. तो हसून म्हणाला, नंदादीप धूर सोडून मुलताईच्या घाटापर्यंत जात नाही. तो निरुत्तर करणारा होता, तरी हिशेबात आम्ही एक भर घातली आहे: आता एकादशीच्या फेरीत पांढुर्ण्याच्या दवाखान्यात ज्यांना जायचे असेल अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडी घेऊन जाते. मागच्या खेपेस तीन जण होते. गडी जागा देऊन मोटारसायकलवर मागून आला.

टायर बदलावयास झाले आहेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांतून त्याचा आठवडा आणि वर्ष कळते. आमच्या टायरांवर २०१७ आहे. नक्षी अजून खोल दिसते, पण रबराला बारीक भेगा पडल्या आहेत, आणि मिस्त्रीने ह्या पावसाळ्याआधीच ते काढा असे बजावले आहे. पुतण्याला लिहिले, तेव्हा त्याने पैसे पाठवितो म्हणून कळविले, आणि खाली जोडले की, २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षे होतील, नोंदणी नव्याने करावी लागेल, तेव्हा तरी काय तो निर्णय घ्या. पत्र आम्ही वहिनींना वाचून दाखविले. त्यांनी टायरांचा मजकूर ऐकला, पुढचा ऐकला की नाही ते कळले नाही. म्हणाल्या, "भावोजी, परवा एकादशी आहे. त्या पलीकडच्या घरी सांगून ठेवा, बाळाला डोस द्यायचा राहिलाय म्हणत होते."